सळईच्या गावातला डेमो

शाबानच्या सुरुवातीला, एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहा वर्षांपूर्वी तो माझ्याकडे नववीत होता. आता जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करतो. चहा येईपर्यंत त्याने मोबाइल पुढे केला. “सर, तीन गाने हैं. डेमो बनाए हम लोगां. सुनो ना जरा.”

मी इयरफोन कानात घातला आणि वीसेक सेकंदांत काढला. सळई कापायच्या मशीनशेजारी कुणीतरी उभं केल्यासारखं वाटलं. तसं मी बोललोही. तो हसला. म्हणाला, “वोइच तो है, सर.”

सोबत एक वही होती. तिच्यात गाण्यांचे शब्द उर्दूत लिहिलेले होते आणि त्याला त्यांची इस्लाह हवी होती. उर्दू न येणाऱ्या वाचकांसाठी सांगतो, शागीर्द आपली रचना उस्तादाला दाखवतो, उस्ताद कुठे शब्द बदलतो, कुठे ओळ खोडतो, त्याला इस्लाह म्हणतात. इक्बाल तरुण असताना आपल्या गझला टपालाने हैदराबादला दाग देहलवींकडे पाठवत असे. ही आपली जुनी रीत. पण हेवी मेटलच्या गाण्याला इस्लाह मागणारा शागीर्द मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वही हातात घेताना मला ओशाळल्यासारखं झालं, त्याला कारण आहे. नववीत असताना याच मुलाच्या कानातून मी वर्गात इयरफोन काढून घेतला होता. काय ऐकतोय म्हणून कानाला लावलं तर आरडाओरडा. मी त्याच्या अब्बांना शाळेत बोलावलं आणि “मुलगा शैतानी गाणी ऐकतो” असं सगळ्यांसमोर सांगितलं. अब्बा बिचारे साधे माणूस. पुढच्या आठवड्यात घरातली जुनी गिटार विकली गेली, हे मला फार उशिरा कळलं. मुलगा ती गोष्ट विसरला असेल किंवा नसेल. बोलला मात्र नाही.

वही ठेवून घेतली आणि म्हटलं, आधी हे काय आहे ते समजून घेतो, मग शब्दांना हात लावतो. पुढचे तीन आठवडे त्यातच गेले.

सुरुवात लोखंडापासूनच करावी लागते. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. १९६५ साली तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. गिटार वाजवून पोट भरायचं ठरवून त्याने नोकरी सोडली होती आणि तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी मशीनखाली सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका उजवा. कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जळालेल्या हाताच्या दोन बोटांनी वाजवणारा हा जिप्सी गिटारवादक ऐकून आयोमी उठला. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने तुटक्या बोटांसाठी टोप्या बनवल्या, पातळ तारा लावल्या, आणि पुढे दाब कमी लागावा म्हणून तारा सैल करून वाजवू लागला. तारा सैल झाल्या की सूर खाली उतरतो, जड होतो. जगभरच्या मेटल बँडच्या गिटारीत जो खालचा, घुमणारा आवाज आहे, त्याच्या मुळाशी एका कामगाराची तुटलेली बोटं आहेत.

त्याच्या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ. त्यांना आधी अनेक रेकॉर्ड कंपन्यांनी परत पाठवलं. पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये जवळपास एका दिवसात रेकॉर्ड झाला, कारण जास्त दिवसांचे पैसेच नव्हते. १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाजारात आला. जवळच्याच वॉल्सॉल गावचा रॉब हॅलफोर्ड पुढे जुडास प्रीस्टचा गायक झाला. शाळेच्या शेजारी लोखंडाची भट्टी होती आणि वर्गात बसून घणांचे आवाज ऐकत आपण वाढलो, असं त्याने सांगून ठेवलं आहे.

हे वाचताना मी खिडकीकडे बघितलं. आमच्या गावाला जुने लोक ‘जालना, सोने का पालना’ म्हणायचे. आज तो पाळणा लोखंडाचा आहे. देशभरातलं भंगार ट्रकमधून इथे येतं, इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचं बिलेट होतं आणि बिलेटची सळई. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाप, मामा, भाऊ तिथेच आहेत. त्या आवाजावर कुणीतरी गाणं करील, हे आम्हाला सुचलं नव्हतं इतकंच.

आता डेमो. बँड आपली दोन-चार गाणी स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करतो आणि कंपनी, आयोजक, मासिकं, श्रोते यांच्यापुढे ठेवतो. ‘आम्ही असे वाजतो, ऐकून घ्या’, एवढाच त्या कॅसेटचा अर्थ. मेटॅलिका हा आज कोट्यवधींचा बँड, पण जुलै १९८२ मध्ये त्यांच्या हातात फक्त सात गाण्यांची एक डेमो कॅसेट होती. चाहत्यांनी ती एकमेकांना भरून दिली, टपालाने पाठवली, आणि अल्बम निघण्याआधी बँडचं नाव देशभर झालं.

‘कॅसेट भरून देणं’ माझ्या पिढीला समजावून सांगायला नको. आमच्या मोहल्ल्यात डबल कॅसेटचा डेक एकाच घरात होता. त्यावर तकरीर भरली जायची, नात भरली जायची, कव्वालीही भरली जायची. प्रत भरताना आवाज थोडा खाली जायचा, तिसऱ्या प्रतीत मौलानांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटायचा, तरी लोक ऐकायचे. लांबच्या कुठल्या देशात मेटलचे चाहते हेच करत होते, याची आम्हाला कल्पना नव्हती.

त्याच्याही आधीचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. वली औरंगाबादी १७०० साली दिल्लीला गेला आणि वीसेक वर्षांनी त्याचा दीवान दिल्लीत पोहोचला, असं उर्दूच्या इतिहासात सांगतात. फारसीत बुडालेल्या दिल्लीला दखनेकडची बोली तोवर कवितेच्या लायकीची वाटत नव्हती. दीवानाच्या नकला हातोहात फिरल्या आणि शायरांनी फारसी सोडून रेख्त्यात लिहायला घेतलं. बीएडला असताना हा धडा मी पाठ केला होता. नक्कल करणाऱ्या कातिबांना किती रुपये मिळत, हे पुस्तकात नव्हतं. डेमोची गोष्ट वाचताना पहिल्यांदा तो प्रश्न पडला.

महाराष्ट्रात या संगीताची गोष्ट मुंबईपासून सुरू होते. १९८४ साली तिथे रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. तोपर्यंत आपल्याकडचे बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवत, लोकांनाही तेच हवं असे. रॉक मशीनने स्वतःची गाणी लिहिली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे त्यांचे अल्बम निघाले. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. हे मेटल नव्हे, रॉक. पण आपली गाणी घेऊन स्टेजवर उभं राहायची वाट त्यांनी पाडली.

स्टेज कुठलं, तर धोबी तलावाचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजशेजारचं उघडं नाट्यगृह. १९७८ पासून तिथे जाझ यात्रा भरायची. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं आणि वर्षातून एकदा काळे टी-शर्ट घातलेली हजारो पोरं लोकल पकडून तिथे येऊ लागली. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले. आसपास हॉस्पिटलं आणि शाळा, त्यामुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, हॉस्पिटलातल्या रुग्णाला झोप हवीच. पण एक जागा गेली की तिच्याबरोबर पोरांचं काय काय जातं, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेलं नसतं.

या काळात कंपन्यांचं गणितही वेगळं होतं. टी-सीरिजने ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त केली आणि भक्तिगीतं, लोकगीतं, कव्वाली यांना गावोगाव दुकान मिळालं. आमच्याकडे शिंदे घराण्याच्या कॅसेटी रसवंतीपासून एसटी स्टँडपर्यंत वाजत. नव्वदच्या दशकात अल्ताफ राजाने कव्वालीच्या ढंगावर ट्रक ड्रायव्हरांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना खेचलं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ आला आणि कंपन्या हिंदी पॉपच्या मागे लागल्या. स्वस्त कॅसेटने ज्यांना दारं उघडली, त्यांत गरिबांचे गायक होते, ही चांगलीच गोष्ट झाली. इंग्रजीत ओरडणाऱ्या मुंबईच्या मुलांना मात्र कुठलीच कंपनी दारात उभं करेना.

त्यांच्या मदतीला आलं अलाहाबाद. हो, अलाहाबादच. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी तिथून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ नावाचं मासिक काढलं. मुंबई नाही, दिल्ली नाही, अकबर इलाहाबादींच्या गावातून. त्याच मंडळींनी पुढे ‘ग्रेट इंडियन रॉक’ ही स्पर्धा भरवली. देशभरातल्या बँडनी आपली रेकॉर्ड केलेली गाणी पाठवायची, निवडलेल्यांना वाजवायला मिळायचं. म्हणजे डेमोला पहिल्यांदा एक पत्ता मिळाला. सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्यात बुडून वारले. छोट्या शहरातून मासिक चालवणाऱ्या कुणाही माणसाने त्यांची गोष्ट वाचावी.

पण पाकिटात घालायला आधी रेकॉर्डिंग हवं ना. खरी अडचण तिथेच होती आणि ती नुसत्या पैशाची नव्हती. आपल्याकडचे स्टुडिओ सिनेमाच्या गाण्यांसाठी, जाहिरातींसाठी, भजनासाठी घडलेले. साउंड रेकॉर्डिस्टचा कान गायकाचा आवाज स्वच्छ येतोय का, तबला सुटा ऐकू येतोय का, हे पाहण्यात तयार झालेला. मेटलमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. तोच गिटारचा तुकडा दोनदा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या बाजूला ठेवतात, म्हणजे भिंत उभी राहते. ड्रमच्या प्रत्येक अंगाला वेगळा माइक लागतो आणि दोन्ही पायांनी वाजणारा खालचा ढोल गिटारखाली गाडला जाऊ नये म्हणून तासन्‌तास खटपट करावी लागते. हे माहीत नसलेला माणूस फाटलेला आवाज बघून तो सरळ करायला जातो. तासाच्या भाड्याने घेतलेल्या खोलीत पोरांचा अर्धा वेळ ‘साहेब, तो तसाच हवा आहे’ हे समजावण्यातच जायचा.

२००० साली मुंबईत साहिल मखीजा या तरुणाने डिमॉनिक रिझरेक्शन हा बँड उभा केला आणि त्याच वर्षी ‘डिमनस्टीलर’ हा पहिला अल्बम काढला. त्याची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली, कारण त्याने तक्रार करण्यात फार वेळ घालवला नाही. कुणी नीट रेकॉर्ड करत नाही, तर रेकॉर्डिंग शिकला आणि इतर बँडचीही रेकॉर्डिंग करू लागला. कंपनी घेत नाही, तर डिमनस्टीलर रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल काढलं. कार्यक्रम मिळत नाहीत, तर रिझरेक्शन फेस्टिव्हल नावाने स्वतःच भरवले. बँडमधली माणसं बदलत राहिली. दुसरा अल्बम यायला २००५ उजाडलं. २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ ब्रिटनच्या कँडललाइट या कंपनीने जगभर काढला आणि त्याच वर्षी बँड नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात वाजला. पहिल्या अल्बमपासून तिथवर दहा वर्षं. आमच्याकडे दहा वर्षांत मुलगा नववीतून रात्रपाळीवर जातो.

त्यातून पोट भरलं का? मेटलवर आपल्याकडे जवळजवळ कुणाचंच भरत नाही. साहिल यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ नावाने स्वयंपाकाचे व्हिडिओ करू लागला आणि कित्येक लोक त्याला किटो स्वयंपाकवाला म्हणूनच ओळखतात. मला यात काही कमीपणा दिसला नाही. उर्दूचे किती शायर रेल्वेत कारकून होते, विचारा.

त्याच सुमाराला इतर बँडही उभे राहिले. २००३ मध्ये सुरू झालेल्या एकाचं नाव भयानक मौत. नाव वाचून आमच्या घरात सगळे हसले, मोहल्ल्यातल्या व्हिडिओ पार्लरच्या पोस्टरवरचं वाटतं. स्क्राइब या बँडच्या २०१० मधल्या अल्बमचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’, म्हणजे थेट ‘अंदाज अपना अपना’तली गंमत. आणि डिमॉनिक रिझरेक्शन, ज्याच्या नावातच राक्षस आहे, त्याचा २०१७ चा अल्बम आहे विष्णूच्या दशावतारांवर. मी ज्याला ‘शैतानी’ म्हणून मोकळा झालो होतो, त्याच्या आत पुराणं, सिनेमा, थट्टा असं बरंच काही भरलेलं होतं. मला ते विचारता आलं असतं. मुलगा समोरच उभा होता.

आता आक्षेपाबद्दल. हे फक्त मुसलमानांच्या घरात होतं असा समज असेल तर तो सोडून द्यावा. २००६ मध्ये स्लेयर या अमेरिकन बँडच्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून मुंबईतल्या कॅथलिक संघटनेने आवाज उठवला आणि कंपनीने भारतातल्या प्रती मागे घेऊन नष्ट केल्या. आपल्याकडचं उदाहरण श्रीनगरचं. शाळेत जाणाऱ्या तीन मुलींचा ‘प्रगाश’ हा बँड डिसेंबर २०१२ मध्ये एका स्पर्धेत वाजला, त्यानंतर इंटरनेटवर धमक्या आल्या, मुफ्तींनी गाणं इस्लामविरोधी ठरवलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद झाला. त्यांचा रॉक होता, मेटलही नव्हे. प्रगाश म्हणजे उजेड. एका हिवाळ्यापुरताच टिकला.

मी मुफ्ती नाही आणि संगीताच्या हलाल-हरामवर निवाडा देण्याची माझी पात्रता नाही. पण इतिहासाचा मास्तर म्हणून एवढं सांगू शकतो की हा वाद आपल्या मातीत सातशे वर्षं जुना आहे. हजरत निजामुद्दीन औलियांना समाच्या मैफलींबद्दल गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात जाब द्यावा लागला होता. त्यांचे खलिफा शेख बुरहानुद्दीन गरीब दौलताबादला आले. १३३७ मध्ये ते वारले आणि त्यांची मजार खुलदाबादला आहे. समामध्ये त्यांचा रंग असा असायचा की त्यांच्या मुरीदांच्या नाचण्याच्या पद्धतीला ‘बुरहानी’ असं वेगळं नाव पडलं. आमच्या गावचे लोक उर्साला खुलदाबादला जातात, चादर चढवतात, कव्वाली ऐकतात आणि घरी येऊन पोराची गिटार विकतात. यात मीही आलो.

जगात डेमोची सगळ्यात जीवघेणी गोष्ट बगदादची आहे. २००१ मध्ये तिथे काही तरुणांनी अ‍ॅक्रासिकाउडा हा बँड सुरू केला, नाव तिथल्या वाळवंटातल्या काळ्या विंचवाचं. सद्दामच्या काळात कार्यक्रमाची परवानगी हवी तर त्याच्या स्तुतीचं एक गाणं गावं लागे, ते त्यांनी गायलं. २००३ नंतर सद्दाम गेला आणि वीजही गेली, रस्ते गेले. डोकं हलवत गाणं हे एका गटाला ज्यूंच्या प्रार्थनेसारखं वाटायचं आणि काळा टी-शर्ट दुसऱ्याला अमेरिकन. ते ज्या तळघरात सराव करायचे, ते बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं, वाद्यं त्याखाली गेली. बँड निर्वासित होऊन दमास्कसला पोहोचला. तिथे २००६ मध्ये त्यांनी तीन गाण्यांचा डेमो रेकॉर्ड केला. आयुष्यातला पहिला. पुढे तुर्कस्तानात जायचं आणि जगायचं म्हणून वाद्यं विकावी लागली. त्यांच्यावरचा ‘हेवी मेटल इन बगदाद’ हा माहितीपट २००७ मधला आहे. अमेरिकेत पोहोचून २०१० मध्ये त्यांची चार गाण्यांची पहिली छोटी सीडी निघाली. त्या मुलांना शैतानी म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या शहरावर पडलेल्या बॉम्बचा आवाजही ऐकावा.

दुसरी गोष्ट इंडोनेशियातल्या गारुत जिल्ह्याची. ती वाचून मी त्या रात्री नीट झोपलो नाही. २०१४ मध्ये तिथल्या एका इस्लामी शाळेत शिकणाऱ्या तीन मुली, फिर्दा मार्स्या कुर्निया, विदी रहमावती आणि इउइस सिती आयशा, यांनी शिक्षकाचा लॅपटॉप उघडला आणि त्यात सिस्टम ऑफ अ डाऊन या बँडचा अल्बम ऐकला. तीच आरडाओरड. शिक्षकाने लॅपटॉप काढून घेतला नाही. वाद्यं शिकवली. हिजाब घातलेल्या मुलींच्या या बँडचं नाव व्हॉइस ऑफ बाचेप्रोत, सुंदानी भाषेत बाचेप्रोत म्हणजे गोंगाट. धमक्या त्यांनाही आल्या, घरचेही घाबरले. २०२१ मध्ये त्यांनी एका गाण्यात अल्लाहकडेच संगीताची परवानगी मागितली आणि २०२४ च्या जूनमध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजल्या. तिथे वाजणारा तो पहिला इंडोनेशियन बँड. शाळा, मास्तर, कानात गेलेला आवाज, सगळं माझ्याच वर्गासारखं. मास्तर वेगळा होता.

तीन आठवड्यांनी मुलाला परत बोलावलं आणि या वेळी डेमो कसा झाला ते विचारलं. तिघे जण आहेत. गिटार आणि गाणं हा करतो, बेस वाजवणारा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे आणि ड्रमवाला लग्नाच्या बँजो पार्टीत वाजवतो. संदलच्या मिरवणुकीत चार-चार तास हात चालवून त्याच्या मनगटात दम आलेला आहे. दोन पायांचं पेडल विकत घेणं परवडत नव्हतं, तर मिलमधल्या एका फिटरने भंगारातल्या स्प्रिंगा लावून दुसरं पेडल करून दिलं. सराव बियाण्यांच्या एका रिकाम्या गोदामात, तोही हंगाम संपल्यावर. जूनच्या आधी बियाण्याची पोती आली की बँड बाहेर.

रेकॉर्डिंगसाठी ते मराठवाड्यातल्याच एका शहरातल्या स्टुडिओत गेले. तिथे नात होतात, भीमगीतं होतात, निवडणुकीत प्रचाराची गाणी होतात. दोन दिवसांचे अकरा हजार ठरले. पहिल्या दिवशी संध्याकाळी गाणं ऐकवलं तर गिटार सतारीसारखी गोड झालेली. “भाई, आवाज फट रहा था, मैंने साफ कर दिया,” असं तिथल्या माणसाने फार आपुलकीने सांगितलं. त्याचा दोष म्हणता येणार नाही, त्याने चांगलंच करायला घेतलं होतं. दुसरा दिवस ते परत फाडण्यात गेला. पैसे संपले, गाण्याचा आवाज घ्यायचा राहिला. तो याने घरी, गाद्या भिंतीला लावून, मोबाइलवर रेकॉर्ड केला. रात्रपाळीहून आल्यावर, सकाळी साडेसात वाजता, अम्मी दळणाला गेल्यावर.

दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड यूट्यूबवर गाण्यांच्या नकला करत करत पुढे आला. ढोल आणि हिंदी-पंजाबी घेऊन ते जगभर फिरले आणि २०२२ मध्ये त्यांचा ‘रक्षक’ हा अल्बम आला. म्हणजे आता अलाहाबादला पाकीट पाठवायची गरज नाही. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, “सर, वीडिओ लगता है. और वीडिओ में मुँह लगता है.” बहिणीसाठी स्थळं येत आहेत. मुलीचा भाऊ असलं काही करतो हे दिसलं तर बोलणी थांबतील, अशी अब्बांची भीती आहे आणि ती खोटी नाही. मग चेहऱ्याऐवजी भट्टीचं शूटिंग करावं असं ठरलं, तर मिलमध्ये मोबाइल नेता येत नाही. शेवटी काळ्या चौकटीवर नुसतं बँडचं नाव टाकून गाणी चढवली. तीनशे बारा जणांनी ऐकली होती. त्यातले निम्मे तिन्ही पाळ्यांचे कामगार असतील, असा त्याचा अंदाज.

मग वही उघडली. शब्द चांगले होते, माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच चांगले. पहिलं गाणं रात्रपाळीचं, दुसरं भंगाराच्या ढिगात सापडलेल्या एका लहान मुलाच्या सायकलीचं. तिसरं मला पुरतं कळलं नाही, तसं सांगितलं. दोन ठिकाणी वजन मोडत होतं, ते दाखवलं. एका ठिकाणी त्याने ‘वख़्त’ लिहिलं होतं. मी लाल पेनाने गोल केला आणि शेजारी ‘वक़्त’ लिहिलं. काफ आणि खे यांतला फरक मी त्याला सहावीपासून शिकवत होतो.

“सर, अब्बा ‘वख़्त’च बोलते. भट्टी पे सब वोइच बोलते.”

खरं होतं. दखनीत काफचा खे होतो, काजी खाजी होतो. माझी आजीही तसंच बोलायची आणि मी तिला टोकायचो. वलीच्या काळी दिल्लीवाल्यांना आमची बोली अशीच खटकली असणार. मी लाल गोलावर पेनाने रेघ मारली आणि ‘वख़्त’ पुन्हा लिहिलं. मग इयरफोन लावून पहिलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. चार मिनिटं होती. मध्ये एका ठिकाणी सगळं थांबतं आणि फक्त ड्रम राहतो, तिथे मला संदलची मिरवणूक ऐकू आली. बाकीचं अजून जडच जातं, खोटं कशाला बोलू.

निघताना त्याला विचारलं, चौथं गाणं कधी आणतोस. म्हणाला, “शव्वाल में बहन की शादी है, सर. उसके बाद.”